उठून बसलेला माणूस

माझा नवरा खाटेवरून उठला त्या सकाळी अख्ख्या घराला आनंद झाला, आणि माझे मात्र हातपाय गार पडले.

पावसाळा सरल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ना ताप, ना कुणाशी भांडण. तलावावर जायचं नाही, जाळ्याला हात लावायचा नाही, ताट समोर ठेवलं तर कसेबसे दोन घास. गावाला काय, जीभ चालवायला निमित्तच पाहिजे. कुणी म्हणे आळस चढला, कुणी म्हणे बाहेरचं लागलं. मी एकेकाला तोंडावर सुनावलं आणि एक दिवस नवऱ्याला हाताला धरून एसटीत बसवलं. भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी गोळी लिहून दिली. मग त्याला बाहेर बसवलं आणि मला एकटीला सांगितलं, "गोळी रोज, ठरल्या वेळी. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. लवकर बरं व्हावं म्हणून जास्तही द्यायची नाही. दारू अजिबात नाही. आणि पाकीट तुमच्याजवळ ठेवा."

इथपर्यंत मी मान हलवत होते.

"मन हलकं व्हायला काही आठवडे लागतील. कधी कधी अंगात ताकद आधी येते आणि मन तसंच बुडालेलं असतं. ते दिवस फार जपायचे. एकटं सोडू नका. मरायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाले, तर त्याच दिवशी घेऊन या."

सरळ विचारा! त्यांना बोलायला काय जातं! आम्ही ढीवर माणसं, आमचं पोट पाण्यावर. आमच्या घरात मरणाचं नाव काढत नाहीत, आणि पाण्यावर तर नाहीच नाही. पाणी ऐकतं म्हणतात. मी पाकीट ब्लाउजात खोचलं, रोज सकाळी गोळी माझ्या हातानं देत राहिले, आणि तो प्रश्न मात्र गिळत राहिले.

जेमतेम पंधरवडा झाला असेल. तो आपणहून उठला, आंघोळ केली, दाढी केली, कोपऱ्यातलं जाळं काढून खांद्यावर टाकलं. सासू मीठ-मिरची घेऊन त्याची नजर काढायला धावली. "माझा लेक उठला वं माय!" म्हणत तिनं शेजारणीला हाका मारल्या. सगळ्या हसत होत्या. तो कुणाकडेच पाहत नव्हता.

"मले बी येऊ द्या संगं," मी म्हटलं.

"डोंग्यात बाईमाणूस?" सासू ओरडली. "जाळं बाटवतं काय वं?"

"बाटू द्या. मासोळी नाही भेटली तर भाजी रांधीन."

तो दारातूनच म्हणाला, "घरी राय तू. मले एकटंच जाऊ दे."

एकटंच. तो शब्द ऐकला आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. मी तशीच त्याच्या मागे पळत सुटले. त्यानं डोंगा सोडला तेव्हा गुडघाभर पाण्यात शिरून चढले. लुगडं ओलंचिंब, डोंगा इकडून तिकडे कलला. तो वल्हं मारत राहिला.

तलावाच्या मधोमध त्यानं वल्हं थांबवलं. जाळं काही टाकलं नाही. नुसता पाण्याकडे पाहत बसला.

"काहून आली?" त्यानं विचारलं.

"भेव लागते म्हणून आली."

"कायचं भेव?"

अरे देवा! म्हटलं, पाणी ऐको नाहीतर अख्खा गाव ऐको, आज नाही विचारलं तर मग कुणाला विचारू?

"अजी, मरायचं येते काय तुमच्या मनात?"

मी डोंग्याची कड घट्ट धरली. झालं, माझ्याच तोंडानं मी अभद्र बोलले, पाण्यावर बोलले, आता काय होतं आणि काय नाही! त्याच्याकडे पाहायचीसुद्धा हिंमत होत नव्हती.

"येते," तो म्हणाला. "आज बी तेच मनात घेऊन निघालो होतो."

मला रडूही फुटेना.

"सारे म्हणून राहिले, बरा झाला, बरा झाला. मंग मी सांगू कोणाले?"

"मले सांगा ना!" मी किंचाळलेच. "मी काय मेली होती? चला, आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याले चला. बाईनं त्याच दिवशी आणा म्हटलं होतं."

त्यानं वल्हं उचललं, पाण्यात घातलं, आणि पुन्हा बाहेर काढलं. मग ते माझ्यापुढे धरलं.

"माझा भरोसा नाही मले. तूच ने."

जन्मात मी वल्हं धरलं नव्हतं. दोन्ही हातांनी मारलं तसा डोंगा जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागला. काठावर धुणं धुणाऱ्या बाया खिदळल्या, "पाहा वं, नवरा-बायको फिराले निघाले!" मी रडत होते, त्यांना शिव्या घालत होते, पाणी बदडत होते, आणि काठ काही जवळ येत नव्हता.

"दुसऱ्या बाजूनं मार," तो हळूच म्हणाला. "काठ तिकडं आहे."