बिफोरसाठी हवी एक बाई

“त्यांना अजून थोडा वेळ उन्हातच राहू दे. चेहरा नीट तापला पाहिजे,” ऋषभ म्हणाला.

मी कॅमेऱ्याला केबल जोडत होते. आधी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. चिंचणीला शूटसाठी घेतलेल्या बंगल्याच्या अंगणात जयवंतीताई खरंच उभ्या होत्या. मार्चचं ऊन, शेजारी व्हरांड्याची गार सावली रिकामी, आणि ही बाई सांगितलेल्या जागी डोळे बारीक करून उभी.

“कशाला तापला पाहिजे?” मी विचारलं.

“रिअल लुक,” ऋषभ म्हणाला आणि लॅपटॉपकडे वळला.

मी फॅशन आणि ब्यूटी फोटोग्राफर आहे. घर डहाणूचं, चिकूच्या वाडीतलं. काम बहुतेक मुंबईत. फॅशनमध्ये कपडे विकायचे असतात आणि ब्यूटीमध्ये चेहरा, म्हणजे क्रीम, लिपस्टिक, शाम्पू वगैरे. लोकांना वाटतं फोटोग्राफर सगळं ठरवतो. तसं काही नसतं. चित्र कसं दिसावं हे आर्ट डायरेक्टर ठरवतो, मेकअप आर्टिस्ट चेहरा तयार करते, आणि ज्याचा माल आहे तो क्लायंट मागे खुर्ची टाकून बसतो आणि दर पाच मिनिटांनी मत बदलतो. या शूटला ऋषभ आर्ट डायरेक्टर होता. मेकअपला जिनल, डहाणूचीच, माझी शाळेपासूनची मैत्रीण. क्लायंटकडून मार्केटिंगच्या एक बाई आल्या होत्या, त्यांना सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणत. माल होता डाग घालवणारं क्रीम.

मला सांगितलेलं काम साधं होतं. एक मुंबईची मॉडेल आणि एक इथलीच, कष्टाची कामं करणारी बाई. “आम्हाला खऱ्या बायका दाखवायच्या आहेत,” असं मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या. मला ते आवडलं. मीच जयवंतीताईंचं नाव सुचवलं. त्या चिंचणीला बोंबील वाळवतात आणि विकतात. आमच्या घरी सुकी मासळी त्यांच्याकडूनच येते. मी त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन त्यांना बोलावणं केलं होतं.

त्या आल्या तेव्हा बघण्यासारख्या दिसत होत्या. हिरवं काठाचं लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. आल्या आल्या म्हणाल्या, “लेकीच्या सासरी फोन करून सांगितलंय. विहीणबाई पण वाट बघतेय जाहिरातीची.” ऋषभने त्यांना सगळं उतरवायला लावलं. नॅचरल हवंय, म्हणाला. रोजच्या कामाची साडी नेसवली, साबणाने चेहरा धुवायला लावला, गजरा काढून टेबलावर ठेवला. इथपर्यंत मी गप्प होते, कारण कामावरची बाई कामाच्या साडीत दाखवणं मला पटण्यासारखं होतं. पण उन्हात तापवणं? पापड आहे का ती?

मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि स्टुलावर बसवलं. ऋषभने लाइट सांगितला. “यांना बाजूने, एकदम कडक. रिफ्लेक्टर नको. मॉडेलला ब्यूटी डिश.”

हे जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. कडक लाइट बाजूने टाकला की चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक रेषेची, प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. विशीतल्या मुलीचाही चेहरा त्यात राठ दिसतो. ब्यूटी डिश म्हणजे परातीसारखं पसरट पांढरं भांडं. त्यातून लाइट समोरून, जरा वरून, पसरून येतो आणि सावल्या जवळपास पुसल्या जातात. खालून रिफ्लेक्टर, म्हणजे पांढरा पुठ्ठा धरला की उरलेल्याही जातात. चेहरा तोच असतो.

मी चार-पाच टेस्ट फ्रेम घेतल्या. हल्ली फोटो केबलमधून थेट लॅपटॉपवर जातात, म्हणजे मागे बसलेल्यांना लगेच दिसतात. ऋषभ स्क्रीनवर बघत म्हणाला, “मान थोडी डावीकडे. तिथेच ठेवा. मॉडेलचीही मान एक्झॅक्टली इथेच घ्यायची. क्रॉपही सेम.”

मान तीच, चौकट तीच, फक्त लाइट उलटा. या धंद्यात अशी जोडी एकाच कामासाठी लागते.

“ऋषभ, हे बिफोर-आफ्टर आहे का?”

“टेक्निकली, हो.”

“बिफोर एक बाई आणि आफ्टर दुसरी?”

“अगं, अर्धाच चेहरा दिसणार. कोण बघतंय?”

माझं डोकं फिरलं. मी मॅडमकडे वळले. “हे मला आधी का सांगितलं नाहीत?”

“त्यांनी रिलीजवर सही केलीय,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. रिलीज म्हणजे फोटो वापरायची संमती. कशासाठी वापरणार, हे त्यात कुठेच नव्हतं.

“मॅडम, मी यांच्या घरी जाऊन यांना बोलावलंय. गावभर यांचा चेहरा खराब चेहरा म्हणून लागल्यावर मी यांच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ?”

“इतकं पर्सनल नका घेऊ.”

पर्सनल! चेहऱ्यापेक्षा पर्सनल माणसाकडे दुसरं काय असतं?

जयवंतीताई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सरळ सांगितलं. “ताई, हे लोक तुमचा फोटो क्रीम लावायच्या आधीचा, डागवाला चेहरा म्हणून छापणार आहेत. शेजारी त्या मुलीचा, बरा झालेला म्हणून.”

त्या उठल्या आणि लॅपटॉपजवळ गेल्या. स्वतःचा फोटो बराच वेळ बघत राहिल्या. “माझ्या तोंडाला काय झालंय गं?”

“काही झालेलं नाही, ताई. लाइट तसा लावलाय.”

त्या आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, आता घरी निघतील. पण बाहेर आल्या त्या हिरवं लुगडं नेसून, माळ घालून. टेबलावरचा गजरा उचलला, स्वतःच माळला आणि मॉडेलसाठी ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

“मी फोटोला नटून आलेली. आता तो फोटो काढ. आणि बिफोर का काय तो माझा, तर आफ्टर पण माझाच पाहिजे. माझं दुखणं त्या पोरीच्या अंगावर कसं बरं होणार?”

जिनल खो-खो हसली. मॉडेल बिचारी केसांना क्लिपा लावून दारात उभी होती. “मग माझं काय?” ती म्हणाली.

मी ब्यूटी डिश ओढली, जिनलने खालून रिफ्लेक्टर धरला. क्रीम नाही, पावडर नाही. जिनलने फक्त त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. जयवंतीताईंनी मान आपसूक त्याच बाजूला वळवली, मघाशी शिकवली होती ना. मी फोटो काढत गेले. त्या हसल्या तेव्हा अख्खी खोली हसल्यासारखी वाटली. त्या दिवसातलं माझं सगळ्यात चांगलं काम ते.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम स्क्रीनसमोर उभ्या होत्या. “हे तर बेस्ट आहे!”

मला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

“दोन्ही यांचेच वापरू. मघाचा बिफोर, हा आफ्टर. सेम वुमन. जास्त ऑथेंटिक वाटेल.”

“मॅडम, क्रीमचं झाकणसुद्धा कुणी उघडलेलं नाही.”

“लावलं असतं तर असंच दिसलं असतं ना?”

मी केबल उपटली. उपयोग नव्हता, फोटो कधीच लॅपटॉपवर पोचले होते. मी ऋषभला म्हटलं, माझ्यासमोर डिलीट कर. त्याने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि म्हणाला, “तू जरा शांत हो.” जिनलने आपले ब्रश गुंडाळले. मीही लाइट उतरवले. जयवंतीताई आणि मी, आम्ही दोघींनी मिळून संमती मागे घेतल्याचं पत्र त्याच संध्याकाळी मेलने पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही.

पावसाळ्यानंतर तलासरीला एका मेडिकलच्या दारात माणसाएवढा पुठ्ठा उभा दिसला. डावीकडे जयवंतीताई, उन्हाने तापलेल्या, आणि वर आणखी काळ्या केलेल्या. उजवीकडे जयवंतीताई, हिरव्या लुगड्यात. मध्ये बाण, आणि खाली ‘काही आठवड्यांत फरक’. गजरा कापून टाकला होता. मी दुकानदारावरच ओरडले. तो बिचारा म्हणाला, “ताई, कंपनीवाल्यांनी ठेवलाय. मी काय करू?”

जाहिरातींच्या तक्रारी घेणारी एक संस्था आहे. तिच्याकडे मी माझ्या कॅमेऱ्याच्या कार्डावरचे मूळ फोटो, वेळेच्या नोंदीसकट पाठवले. दोन्ही एकाच सकाळचे, हे सिद्ध करायला तेवढं पुरलं. मोबाइलवरही तीच जाहिरात फिरत होती, ती बंद झाली. दुकानांतले पुठ्ठे उचलायला मात्र कुणी फिरकलं नाही. पार गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडपर्यंत मला ते दिसत राहिले. मुंबईत ऋषभने ‘ती डिफिकल्ट आहे’ असं माझ्याबद्दल पसरवलं. असेन. यापुढेही राहीन.

मन घट्ट करून मी चिंचणीला गेले. जयवंतीताई बोंबील उलटवत होत्या. “बघितला गं,” माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “लेकीच्या सासरी पण बघितला. सगळे आधी डावीकडचाच बघतात.”

मी खाली बसून त्यांच्याबरोबर बोंबील उलटवू लागले. मग त्याच म्हणाल्या, “बाजारात बायका विचारतात, कोणतं मलम लावलंस?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“खरं ते सांगते. मलम नाय लावलं, त्यांनी दिवा बदलला.”

“आणि मग?”

“मग विचारतात, तो दिवा कुठे मिळतो.”

तर वाचकहो, अशी जाहिरात पुढच्या वेळी दिसली तर डाग बघू नका, नाकाची सावली बघा. एका फोटोत ती गालावर पसरलेली असेल आणि दुसऱ्यात गायब असेल, तर ती जाहिरात दिव्याची आहे.