पाटीवरची मोकळी जागा

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. माझी शाळा चौथीलाच सुटली. पण पेंटरदादांबद्दल लिहावंसं वाटतं.

पाटी रंगवताना ते उलटे चालत रस्त्यापलीकडे जात आणि एक डोळा मिटून बघत. गाडीवान ओरडायचे, “पेंटर, मागं बैल हाय!”

चिंचवडला मी खानावळ काढली, पण कारखान्यातली माणसं दारावरून पुढे निघून जात. कुणी थांबलं नाही तर चूल बंद करावी लागणार होती. पेंटरदादांनी उधारीवर पाटी करायला घेतली. मी म्हटलं, भाकरी, पिठलं, आमटी, सगळं लिहा. त्यांनी लिहिलं, पलीकडे जाऊन पाहिलं आणि परत येऊन सगळं पुसलं.

“ताई, डोक्यावरची शिरोरेघ जाड केली, अक्षरांत अंतर ठेवलं, तरी दाटी व्हतीय. चालत्या माणसाला एकच शब्द दिसतो. बाकी जागा मोकळी सोडू.”

“रिकाम्या जागेचेही पैसे घेणार?” मी एरवी कुणाशी एवढंही बोलत नसे.

“तिचेच जास्त!” ते हसले.

पाटीवर मधोमध लाल रंगात एकच शब्द उरला: जेवण.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटलेली माणसं लांबूनच पाटी वाचून आत वळली. दिवाळीच्या आत मी पेंटरदादांचे सगळे पैसे फेडले, रिकाम्या जागेच्या पैशांसकट.