तिफण कंपनीची गिरजा

सर्जेराव मघाडेच्या काही सवयी. आठवतात तशा लिहितो.

भिंत रंगवण्याआधी तो तिच्यावर तळहात ठेवायचा. तापलेली असली तर सावली येईपर्यंत बसून राहायचा.

एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचा. ड्रायव्हरने गिअर बदलला की याचा डावा हात मांडीवर हलायचा.

रस्त्याने मोटार गेली की लोक मोटारीकडे बघायचे. तो तिच्या चाकांना लागलेल्या चिखलाकडे बघायचा.

पट्टी वापरायचा नाही. सगळी मापं वितीने आणि बोटांनी. अक्षरांची, भिंतींची, गाड्यांचीसुद्धा.

चहाची बशी कधी काठोकाठ भरायचा नाही.

आणि अवघड शब्द आला की विचारायचा, "पहिली का दुसरी?" म्हणजे वेलांटी.

या शेवटच्या सवयीमुळे आमची ओळख झाली. मी जालन्याहून मराठी घेऊन बीए झालो आणि टेंभुर्णीला घरी येऊन बसलो. नोकरी नव्हती. आमच्या घरासमोरच्या भिंतीवर तो कपाशीच्या बियाण्याची जाहिरात रंगवत होता. 'सुधारीत वाण' असं लिहिलं होतं. मी म्हणालो, पहिली हवी. तो शिडीवरून उतरला, चिंधीला रॉकेल लावून वेलांटी पुसली, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझी बीए माझ्या भिंतीला तरी कामाला येऊ दे."

तेव्हापासून मी त्याच्यासोबत फिरू लागलो. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो, अहो-जाहो करायचो. लिहिताना मात्र 'तो'च येतोय.

जालन्याच्या एका बियाणे कंपनीचं काम त्याच्याकडे होतं. एप्रिल-मे हे दोन महिने भिंतींचे. गावोगाव जायचं, मोठ्या रस्त्यावरची भिंत धरायची, मालकाला बियाण्याची एक पिशवी द्यायची आणि रंगवायला घ्यायची. वर्षाचे बाकीचे महिने तो नंबरप्लेटा करायचा. घर चालायचं ते भिंतींवर.

पहिल्या सहा महिन्यांत त्याने मला वह्या दाखवल्या नाहीत. मग एक दिवस दाखवल्या.

सात वह्या होत्या. त्यांत एक मोटार कंपनी होती, त्याने मनाने काढलेली. कंपनीचं नाव तिफण, पेरणीच्या अवजारावरून. बॉनेटवर लावायची खूण म्हणजे तीन उभ्या रेघा, वर एकत्र आलेल्या. गाड्यांना नद्यांची नावं. जेवढी नदी, तेवढी गाडी. जुई सगळ्यांत लहान. तिच्यात दोघं बसतात. ती गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाईंसाठी. केळना मास्तर नवरा-बायकोसाठी. कुंडलिका जालन्याच्या गल्ल्यांत एका दमात वळणारी. दुधनाच्या मागे फळी, शेळ्या चढतील अशी. गिरजा पाच माणसांची, त्यातलं एक म्हातारं. पूर्णा नऊ जणांची. आणि गोदा. तिच्यात आजारी माणूस पाय न दुमडता आडवा मावला पाहिजे, असं खाली लिहिलं होतं.

दरसाल दसऱ्याला तो कंपनीची यादी नवी करायचा. केळना एक, दोन आणि तीन बंद झाल्या होत्या.

"बंद का केल्या?" मी विचारलं.

"डिक्कीत पाणी जात होतं."

त्या कुणी घेतल्या नव्हत्या. कुणी बघितल्याही नव्हत्या. पण पाणी जात होतं.

तोवर तो स्वतः तीनदा मोटारीत बसला होता. चालवली एकदाही नव्हती. मी चकित होऊन पानं उलटत राहिलो. प्रत्येक गाडीला आरसा कुठे, टोपलं कुठे, चपला कुठे, हे लिहिलेलं. सगळं वितीत.

बेबीनंदा वहिनींनी चुलीपासून मला हाक मारली, "देवा, घरात सात गाड्या हायत. अन् सायकलीला ब्रेक न्हाई."

"कारखान्याच्या माणसाला सायकलच बरी," तो म्हणाला.

सत्त्याण्णव सालचा मे. हसनाबादला बसस्टँडजवळ पुंजाराम पाटलांची भिंत होती. लांबलचक. कंपनीची जाहिरात दुपारीच संपली आणि भिंतीचा तिसरा हिस्सा मोकळा उरला. सर्जेराव बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत बसला.

"इथून गिरजा नदी किती लांब हाय?" त्याने विचारलं.

"ही काय, मागेच."

"मंग गिरजा इथंच लावू."

आपली गाडी एकदा तरी चारचौघांनी बघावी, एवढंच त्याला हवं होतं. वहीत ती फक्त आम्ही दोघं बघायचो. त्याने मजकूर सांगितला. त्याला जाहिरातीची जी भाषा येत होती, त्याच भाषेत. वर 'तिफण'. खाली मोठ्या अक्षरात 'गिरजा'. त्याखाली, 'भारी जमिनीत अडत नाही. कमी पाण्यात भागते. घरच्या पाच माणसांना पुरणारी गाडी.'

मी म्हणालो, "भाऊ, 'गाडी' शब्द काढा. शेजारी चित्र येणारच आहे. जे दिसतं ते सांगू नये. नुसतं 'पुरते' म्हणा."

कॉलेजात मी हेच शिकलो होतो. त्याने मान डोलावली. मी बीए होतो.

अक्षरं होईस्तोवर शेवटची एसटी लागली. चित्र राहिलं. "उद्या येऊन काढतो," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी कंपनीने त्याला वडीगोद्रीकडच्या भिंतींना पाठवलं. तिकडे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी रामकिसन मोटारसायकलवर टेंभुर्णीला आला. हा कंपनीचा माणूस. भिंती वाटून देणं आणि तपासणं त्याच्याकडे होतं. मी सर्जेरावच्या ओट्यावरच होतो.

"सर्जेराव, ही तिफण कंपनी कुठली?"

"का वो?"

"का वो काय? हसनाबादचे दोन दुकानदार मला विचारून राह्यले, गिरजा कधी येती म्हणून. चाळीस पिशव्यांची मागणी हाय. माझ्या भिंतीवर दुसऱ्याचा वाण लावला तू?"

"वाण न्हाई साहेब तो."

"मंग काय?"

"गाडी हाय."

रामकिसनने अंगणात पाहिलं. अंगणात सायकल होती.

"कुठंय?"

"वहीत."

"थट्टा करू नको. कोणत्या कंपनीनं फोडला तुला? गुजरातची हाय का?"

सर्जेरावने आत जाऊन वही आणली. रामकिसन उभ्यानेच पानं उलटू लागला. मग ओट्यावर बसला. पूर्णाच्या पानावर थांबला.

"नऊ माणसं कशी बसतील यात?"

"मागच्या तिघांचे गुडघे इकडं. बघा, दोन विती जागा हाय."

"अन् सामान?"

"टपावर. कठडा हाय ना."

"पोरं लटकतील कठड्याला."

"म्हणून तर कठडा आतून वाकवला."

दहा मिनिटं गेली. मग रामकिसनला आपण कशाला आलो ते आठवलं. वही मिटून त्याने परत दिली.

"चांगलंय. पण बाजाराच्या दिवसाआधी पुसून टाक. साहेब लोक येणार हायत. न्हाई तर तुझ्या राहिलेल्या अकरा भिंती दुसऱ्याला देतो. मला मंग बोलू नको."

चूक माझी होती. मी तसं म्हणालो. सर्जेराव म्हणाला, "तुझी न्हाई. चित्राआधी अक्षरं लिहिली, ती माझी."

बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही चुन्याची बादली घेऊन हसनाबादला गेलो. पुंजाराम पाटील भिंतीखाली सावलीत बसले होते. सत्तरीचे असतील.

"या पेंटर. कधी येऊन राह्यली गिरजा? मी दोन एकर मोकळं ठिवलं तिच्यासाठी."

सर्जेरावने बादली खाली ठेवली.

"गावात सगळ्यात आधी मी नाव सांगितलं. भिंत माझी, तं पहिली पिशवी मलाच पाहिजे बराबर."

"पाटील, ते बियाणं न्हाई. ती मोटारगाडी हाय."

पुंजारामांनी भिंतीकडे पाहिलं. एकेक ओळ बोटाने धरत वाचली.

"कमी पाण्यात भागते?"

"रेडिएटर लहान हाय."

"भारी जमिनीत अडत न्हाई?"

"चाकं उंच हायत. गाऱ्या-चिखलात रुतत न्हाईत."

"अन् घरच्या पाच माणसांना पुरते?"

"बसतात पाच."

ते हसायला लागले ते थांबेचनात. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. आतून त्यांच्या पत्नी द्वारकाबाई दारापर्यंत आल्या, चौकट धरून.

"काय झालं वो?"

"काही न्हाई. मी दोन एकरात मोटार पेरणार होतो."

द्वारकाबाई हसल्या नाहीत. त्यांचे गुडघे गेलेले होते. चार वर्षांत त्या भोकरदनच्या पुढे गेल्या नव्हत्या. जीपमध्ये पाय चढत नव्हता, आणि उचलून बसवलेलं त्यांना आवडत नव्हतं.

"म्हातारं माणूस चढतं का तिच्यात?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यासाठीच तं हाय गिरजा, मावशी."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आजवर त्याला गाडीबद्दल मी विचारलं होतं, रामकिसनने विचारलं होतं. पण आपल्याला ती चालेल का, असं कुणी विचारलं नव्हतं.

"मंग चित्र कुठंय?" पुंजाराम म्हणाले.

"काढायचं राह्यलं. आता पुसायला आलो. कंपनीचा हुकूम हाय."

"कंपनी मला सालाला एक पिशवी देती. तेवढ्यात मी भिंत न्हाई विकली. अर्धं काम पुसू देत नसतो मी. काढून दाखव. हिलाही बघू दे. मंग पुस."

सर्जेराव भिंतीजवळ गेला. तळहात ठेवला. बराच वेळ तसाच उभा राहिला. अकरा भिंती होत्या.

मग म्हणाला, "देवा, हा चुना कोणाला तरी देऊन टाक."

आधी त्याने 'पुरते' पुसलं आणि तिथे 'पुरणारी गाडी' लिहिलं. वेलांटी मला विचारली नाही. बरोबर लिहिली.

अकरा भिंती गेल्या. रामकिसनने बोलल्याप्रमाणे केलं. सर्जेराव नंबरप्लेटांवरच भागवू लागला. वहिनी दुसऱ्यांच्या वावरात कामाला जाऊ लागल्या. त्यांनी त्याला एकच विचारलं, "चित्र झालं का पण पुरं?"

ते पुरं होत नव्हतं. आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा गेरूने आकार झाला. दुसऱ्यांदा मोरपंखी रंग भरला. पहिल्या खेपेला चहा बाहेर ओट्यावर आला होता. तिसऱ्या खेपेला द्वारकाबाईंनी आत बोलावलं आणि स्वतः समोर बसल्या. बसस्टँडवरची माणसं एसटी सोडून चित्राशी उभी राहायची. टपाला हात लावून बघायची. गिरजाचं मागचं दार त्याने उघडं दाखवलं होतं. आत गादी, आणि धरायला लाकडी दांडा. राहिली होती फक्त त्या दारातली पायरी.

"मावशी, तुमचा पाय किती उचलतो?" त्याने विचारलं.

"सकाळचा वेगळा. संध्याकाळचा वेगळा."

इतक्या वर्षांत हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने त्या सकाळी द्वारकाबाईंच्या पायाखाली हात धरून माप घेतलं आणि वहीत लिहिलं. मग म्हणाला, "खरं माप संध्याकाळचं. येताना माणूस दमलेलं असतं. पायरी त्याच मापाची पाहिजे."

पण आमची शेवटची एसटी संध्याकाळच्या आधीच निघायची.

"एक दिवस मुक्कामाला येतो," तो द्वारकाबाईंना म्हणाला.

"ये. भाकरी टाकीन."

जूनमध्ये त्याचे डोळे पिवळे झाले. आधी गावातलं औषध घेतलं. आठ दिवस. मग जीप करून औरंगाबादला न्यायचं ठरलं. मोटारीत बसायची ही त्याची चौथी वेळ. आडवा होता. पाय मावत नव्हते. मी त्याचे गुडघे दुमडून माझ्या मांडीवर धरले. भोकरदनच्या पुढे त्याने डोळे उघडले, दाराकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं. हाताची वीत केली आणि हवेत धरली.

"दीड कमी पडली," तो म्हणाला.

त्यानंतर काही बोलला नाही. चौथ्या दिवशी गेला. पस्तीस वर्षांचा होता. मला अजून ते खरं वाटत नाही. एसटीत ड्रायव्हरच्या मागचा बाक रिकामा दिसला की मी शेजारची जागा धरतो.

पोळ्यानंतर मी हसनाबादला गेलो. वही सोबत होती. गिरजा भिंतीवर होती, दार उघडं. पुसायला कुणी आलं नव्हतं. आलं असतं तर पुंजारामांनी पुसू दिलं नसतं.

द्वारकाबाईंनी विचारलं, "पेंटर न्हाई आला?"

मी सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "तू थांब आज."

थांबलो. दिवस मावळायच्या सुमाराला त्या भिंतीला धरून चित्रासमोर उभ्या राहिल्या. उघड्या दारासमोर. उजवा पाय उचलला.

"घे माप."

मी खाली बसून वीत धरली. माझी वीत त्याच्यापेक्षा आखूड आहे. किती बोटांनी आखूड, हे आम्ही कधी मोजलं नव्हतं. मावशींचा पाय थरथरत होता. मी झालं म्हणालो. त्यांनी पाय टेकवला.

वहीत ते पान अजून तसंच आहे. त्याच्या अक्षरात.

'गिरजा. मागलं दार. पायरी जमिनीपासून. सकाळी दीड वीत. संध्याकाळी'