दोनशे अकरा फोन

पल्लवी पोतनीस बत्तीस वर्षं उज्जैनच्या टेलिफोन खात्यात होत्या. आधी ट्रंक कॉल जोडायच्या, ते बंद पडल्यावर तक्रारी ऐकायच्या. चिडलेल्या माणसाला दोन वाक्यांत शांत करायचं कसब त्यांच्या आवाजात होतं. आईचं दुखणंखुपणं बघता बघता लग्न राहून गेलं. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा फ्रीगंजच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या, दुखरा गुडघा आणि अर्ध्या माळव्याचे फोन नंबर एवढं त्यांच्यापाशी होतं.

त्या नंबरांसाठीच बहिणीचा मुलगा अपूर्व त्यांच्याकडे आला. त्याला फिल्म करायची होती. भैरवगढच्या एका छपाईवालीची गोष्ट, नवरा गेल्यावर कापड छापायचा लाकडी ठप्पा स्वतःच्या हातात घेणारी. निर्माता कुणी मिळाला नव्हता.

"लोकांकडून थोडं थोडं घेऊन करायचं, मावशी. इंटरनेटवर पान उघडतात. क्राउडफंडिंग म्हणतात त्याला."

"म्हणजे वर्गणी."

"वर्गणीच. पण पंधरा दिवस झाले, मित्र सोडून कुणी दिली नाही. तू फोन करशील?"

पल्लवीताईंनी केले. "नमस्कार, मी पल्लवी, टेलिफोनवाली," इतकं म्हटलं की समोरचा ओळखायचा. इंदूर, देवास, धार, उज्जैनची मराठी घरं, जुने सहकारी, बँकेतले, रेल्वेतले. कुणालाच फिल्मचं फारसं कळत नव्हतं, पण पल्लवीताई सांगताहेत म्हणजे द्यायला हरकत नाही, असं म्हणून दोनशे अकरा जणांनी पैसे दिले. पानावरच्या मुदतीच्या दोन दिवस आधी ठरलेला आकडा पूर्ण झाला. प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं, "पुढच्या दिवाळीला पिक्चर बघायला या."

शूटिंग बावीस दिवस चाललं. मुख्य काम जुबैदाबींनी केलं. त्या खऱ्याच छपाईवाल्या, साठीच्या, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या. पण नदीकाठच्या भोंग्यांनी अर्धे संवाद खाऊन टाकले. ते पुन्हा रेकॉर्ड करायला हवे होते आणि तोवर जमलेलं सगळं संपलं होतं. अपूर्व "दोनच महिने" म्हणून इंदूरला कोचिंग क्लासच्या जाहिराती करायला गेला.

दिवाळी आली, गेली. मग दुसरी, मग तिसरी. भाजीबाजारात कुणी विचारलं की पल्लवीताई म्हणायच्या, "काम चालू आहे." नोकरीत हे वाक्य हजारदा म्हटलं होतं, पण तेव्हा ते खात्याचं असायचं. आता ते घरी आल्यावरही पाठ सोडत नसे. त्यांनी भाजी दुसऱ्या बाजारातून आणायला सुरुवात केली. लग्नाकार्यांना जाणं कमी केलं. गुडघ्याचं निमित्त होतंच.

एका सकाळी त्या नानाखेड्याहून बस धरून इंदूरला गेल्या. अपूर्व ऑफिसच्या जिन्यात भेटला. वाळला होता.

"मावशी, मी फिल्मची फाइल उघडतसुद्धा नाही आता."

"का रे?"

"उघडली की लाज वाटते."

"मग लोकांना तसं कळव."

"पानावर लिहितो ना."

"पान बघून कुणी पैसे दिले नव्हते," पल्लवीताई म्हणाल्या. "राहू दे. मीच सांगते."

रोज अकरा ते एक, दहा फोन. फिल्म अडकली आहे, कधी होईल माहीत नाही, मी तुम्हाला दिवाळी सांगितली होती, माफ करा. एका वकिलांनी वीस मिनिटं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं, ते त्यांना जमत होतं. देवासच्या केतकीने फिल्मचा विषय बाजूला ठेवून लेकीच्या घटस्फोटाचं सगळं सांगितलं. पण बहुतेकांनी विचारलं, "कुठली फिल्म?" त्यांना आठवतच नव्हतं. ज्यांना चुकवत पल्लवीताईंनी तीन वर्षं बाजार बदलला, ती माणसं केव्हाच विसरून गेली होती. हे लक्षात आलं त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. राग नव्हता आला.

त्याच आठवड्यात त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना, शरच्चंद्र सरांना फोन लागला. वय शहाऐंशी.

"जेवढं झालंय तेवढं दाखव," सर म्हणाले.

"अर्धवट आहे, सर. आवाज नाही धड."

"मला तसाही कमीच ऐकू येतो."

मग झालंय तेवढं दाखवणार आहोत, हेही त्यांनी राहिलेल्यांना सांगितलं, आणि आधीच्यांना परत फोन लावले. शाळेचा हॉल रविवारी चार वाजता मिळाला. अपूर्व येईन म्हणाला नव्हता, पण लॅपटॉप घेऊन आला. दोनशे अकरांपैकी सव्वीस माणसं आली. जुबैदाबी सुनेसोबत पहिल्या रांगेत बसल्या.

दहाव्या मिनिटाला फिल्ममधले नदीकाठचे भोंगे सुरू झाले. पडद्यावरच्या जुबैदाबींचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. लोक खुर्च्यांत चुळबुळायला लागले. तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, "कपड़ा सूखने दे पहले, फिर जो कहना है कह." जुबैदाबी बसल्या जागेवरून आपला संवाद म्हणत होत्या. तीन वर्षांनी त्यांना शब्द न् शब्द पाठ होता. पुढे जिथे जिथे आवाज गेला तिथे त्या बोलल्या. मधे एकदा चुकल्या, हसल्या, पडद्याला गाठेपर्यंत भरभर बोलल्या. हॉलमध्ये कुणी हललं नाही. अपूर्व मागच्या भिंतीला टेकून उभा होता, मान खाली.

एक्कावन्न मिनिटांनी पडदा कोरा झाला.

"शेवट कुठाय?" सरांनी विचारलं.

"शूट झालाय, सर. जोडला नाहीये."

"मग जोड की."

"बघतो," अपूर्व म्हणाला.

त्यानंतर तो दोनदा भैरवगढला आला. एका मित्राचं यंत्र मागून आणून त्याने जुबैदाबींचे सहा प्रसंग रेकॉर्ड केले. पाच बाकी आहेत. नोकरी चालूच आहे, सुट्टी मिळेल तसं करतो. परवा उत्साहात त्याने मावशीला फोन केला, "या दिवाळीला नक्की, तू सगळ्यांना सांगून ठेव."

"नाही रे," पल्लवीताई म्हणाल्या. "झालं की सांग. मग करीन फोन."

फोन ठेवून त्यांनी गुडघ्याला तेल चोळलं आणि भर दुपारी, पंखा लावून, आडव्या झाल्या.