पातळ दायचा रिमिक्स

मी इलेक्ट्रॉनिक संगीतकार आहे. म्हणजे नेमकं काय करतो, हे आमच्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही. लाइट गेली की मी बेकार होतो, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

धुळ्यात देवपुरात, गच्चीवरच्या खोलीत माझा लॅपटॉप आणि दोन स्पीकर आहेत. एका जागी बसणं मला जमत नाही. चाल अडली की मी माइक घेऊन घरभर येरझारा घालतो आणि सापडेल तो आवाज टिपतो. कुकरची शिट्टी, वॉशिंग मशीनची धडधड, बाबांचं दुपारचं घोरणं (ते तालात असतं).

अशाच एका दुपारी खालच्या मजल्यावर अक्का, म्हणजे माझी आत्या, फोनवर कुणाला तरी तावातावाने सांगत होती. तिच्या लेकीचा, जयूचा, साखरपुडा नवरदेवाच्या गावी आटोपून ती नुकतीच पारोळ्याहून परतली होती. अक्का चिडली की तिच्या अहिराणीला असा ठेका चढतो की ढोलवाल्याने हात जोडावेत. मी दारामागून रेकॉर्ड करून घेतलं. ती काय बोलतेय, तिकडे माझं लक्षच नव्हतं. संगीतकार माणूस, अर्थाकडे कशाला बघतोय?

दोन ओळी उचलल्या, खाली दणदणीत बीट घातला आणि नेटवर चढवून दिलं : ‘दायमझार दाना सापडना नही, बठ्ठं पानीच शे!’ डाळीत दाणा सापडला नाही, सगळं पाणीच आहे. तोवर माझं संगीत मी आणि एक मित्र असे दोघेच ऐकायचो (मित्र हल्ली टाळायचा). हे मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं. रिक्षात वाजलं, पानटपरीवर वाजलं. अक्का नेटच्या वाटेला जात नाही, त्यामुळे घरात शांतता होती.

जयूच्या लग्नात नवरदेवाची वरात कार्यालयाच्या दारात आली. आरतीचं ताट घेऊन अक्का पुढे, मी तिच्या शेजारी. पारोळ्याहून आणलेल्या डीजेने बटण दाबलं आणि अख्खी वरात दाय, दाना, पानी करत नाचू लागली. सगळ्यांत पुढे नवरदेवाची आई.

अक्काच्या हातातलं ताट थांबलं.

“हाऊ आवाज कोना शे रे?” तिने मला विचारलं.

मी हळूच विचारलं, अक्का, ही दाय कुठली? तिने दात आवळून सांगितलं, साखरपुड्याला विहिणीने घातलेल्या पंगतीतली. म्हणजे विहीणबाई स्वतःच्याच डाळीच्या निंदेवर नाचत होत्या!

मी गर्दीत घुसलो. डीजेपर्यंत पोचायचं होतं, पण दोन मावश्यांनी मला धरून नाचवलं. कसाबसा सुटून पोचलो आणि त्याला हात जोडले. त्याने मला ओळखलं, गाणं बंद केलं. मी सुटकेचा श्वास घेतोय तोच त्याने माइकवर जाहीर केलं की हे गाणं बनवणारा कलाकार नवरीचाच भाऊ आहे, आणि गाणं पहिल्यापासून लावलं. आवाज वाढवून.

गाणं संपल्यावर विहीणबाई घाम पुसत आमच्याकडे आल्या. कौतुकाने त्यांनी मला विचारलं, “भाऊ, कोनी दाय शे ही?”

कुणाचीच नाही, नुसती कल्पना आहे, असं मी चाचरत सांगत होतो. पण अक्काला खोटं खपत नाही.

“तुमनी,” ती म्हणाली. “साखरपुडानी.”

नाचणारे जागच्या जागी थिजले. नवरदेवाचे काका पुढे सरकले. वरच्या खिडकीतून जयू माझ्याकडे अशी बघत होती, की लग्न मोडलं तर पुढचा विधी माझ्यावर होणार हे स्पष्ट होतं. मी या पायावरून त्या पायावर होत राहिलो.

विहीणबाईंनी एकदा अक्काकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. “मी त्या आचारीले तठेच सांगेल व्हतं, पानी वतू नको. मनं कोनी ऐकं नही.”

मग दोघी विहिणी हातात हात घालून आजची डाळ तपासायला मुदपाकखान्यात गेल्या. नवरदेव दारातच ओवाळायचा राहिला होता, त्याला शेवटी माझ्या आईने ओवाळलं. लग्न झकास लागलं.

आठवडाभराने विहीणबाईंचा फोन आला. त्यांना ते गाणं मोबाइलच्या रिंगला लावायचं होतं. मी छाती फुगवून म्हटलं, लगेच पाठवतो.

“पाठवा,” त्या म्हणाल्या. “फक्त अक्काना आवाज तेवढा ठेवा. मांगे ते जे धडधड वाजस, ते काढी टाका.”

मी काढून दिलं. माझ्या कारकिर्दीत त्याच कामाला सर्वांत जास्त दाद मिळाली.