गोड्या पाण्यातला शार्क

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. आमच्या राहाता गावात सगळ्यांना वाटतं, तो आफ्रिकेतल्या साखर कारखान्यात, ऊस यंत्राकडे ओढणाऱ्या गव्हाणीत गेला. तसं मीच सांगून ठेवलंय.

वडील गेले तेव्हा मी त्या कारखान्यात फिटर होतो आणि ऐन हंगामात सुट्टी मिळाली नाही. थोरल्या भावाने पुणतांब्याला गोदावरीवर दहावं केलं. आई फोनवर म्हणाली, "तिथं नदी हाय ना? मग तू तिथंच बुडी मार. पानी ते पानीच." डोकं भादरून मी सकाळी नदीवर गेलो. आम्हा नगरी माणसांची अक्कल बघा, नदीत मगर आहे का, एवढंच मी विचारलं. तिथले लोक नाही म्हणाले. ओंजळभर पाणी चाखून पाहिलं, तर गोडं. समुद्र जवळ होता, पण पाणी गोडं म्हटल्यावर भीती कसली? कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उतरून बुडी मारली. पोटरीला काहीतरी धडकलं. ओंडका असेल म्हणून वडिलांचं नाव घेतलं आणि पुन्हा बुडी मारली.

पाय कापणारे डॉक्टर बुल शार्क म्हणाले, तेव्हा दवाखान्यात पडल्या पडल्या मोबाईलवर मी तो वाचून काढला. बहुतेक शार्क गोड्या पाण्यात तगत नाहीत, अंगातलं मीठ निघून जातं. याची मूत्रपिंडं पाणी बघून काम बदलतात. नदीत शिरला की मीठ धरून ठेवतो आणि जादा पाणी लघवीवाटे टाकतो. मादी नदीच्या तोंडाशी पिलं घालते, पिलं काही वर्षं तिथंच वाढतात, कारण त्यांना खाणारे मोठे शार्क तिकडे कमी. डोळे बारीक, पण दुसऱ्याच्या अंगातली बारीकशी वीजही त्याला नाकाडावर कळते. पुष्कळदा आधी धडक देऊन बघतो, मग चावतो. म्हणजे ओंडका नव्हताच तो. राग तरी कुणावर धरायचा? मला त्या जनावरावर धरवत नाही.

आईला हे कोणत्या तोंडानं सांगणार? बुडी मार म्हणणारी तीच. म्हणून गव्हाण. पण तिनं भलतंच सुरू केलं. येईल त्याला चहा देत सांगायची, "त्यानं तिथंबी नदीवर दहाव्याची बुडी मारली, म्हून पायावर निभावलं. बापानं वाचवलं त्याला." मी ते चालू दिलं. तिला त्यात धीर होता, माझं काय जात होतं?

मग गेल्या महिन्यात मामाचा मुलगा पेढे घेऊन आला. त्याच कारखान्यात नोकरी लागली होती. आईने त्याला कुंकू लावलं आणि म्हणाली, "गेल्या गेल्या त्या नदीत बुडी मार. लई पावनारी नदी हाय. शब्द दे मला." त्याने लगेच तिच्या हातावर हात ठेवला.

"त्या पाण्यात पाय घालायचा नाही," मी म्हणालो, आणि आईकडे न बघता सगळं सांगून टाकलं.

तो हसला. "दादा, नदीत शार्क? काहीतरीच तुमचं."

मी लेंगा मांडीपर्यंत वर ओढला. एवढे दिवस आईसमोर कधी ओढला नव्हता. गुडघ्याच्या वर दातांचे वण आहेत, कमानीसारखे ओळीने. यंत्राचे वण तसे नसतात. त्याचं हसू गेलं.

आई जवळ येऊन बसली. एकेका वणावर तिने बोट ठेवलं. "मीच म्हनले हुते," ती म्हणाली.

मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. मी नुसता लेंगा खाली ओढला.

मामाचा मुलगा आफ्रिकेला गेला. तिकडे नळावर आंघोळ करतो म्हणे. आई अजून येईल त्याला चहा देते, आणि कप ठेवून आत जाऊन बसते.