चित्राखालची पट्टी

भिंगकाका कोणतंही चित्र खालून वर बघायचे. आपण आधी चेहरा बघतो. ते आधी कागदाची खालची कड बघायचे. युरोपातल्या कुठल्याशा सरदाराचं दोनेकशे वर्षांपूर्वीचं छापील चित्र हातात आलं, की त्याचा केसांचा टोप, गळ्याची झालर, छातीवरची पदकं यांच्याकडे ढुंकूनही न बघता ते कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढत आणि तळाच्या पट्टीतली मुंगीएवढी अक्षरं शोधत. डाव्या कोपऱ्यात चित्र रंगवणाऱ्याचं नाव, उजव्या कोपऱ्यात ते तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्याचं. "साहेब कोण होता ते नंतर बघू," ते म्हणायचे, "आधी डोळे कुणाचे गेले ते बघ."

साकीनाक्याला आमच्या खालच्या मजल्यावर ते राहत. मागच्या गल्लीतल्या एका गाळ्यात चाळीस वर्षं त्यांनी पितळेवर आणि पोलादावर कोरीव काम केलं: दारावरच्या पाट्या, शाळांची पदकं, साबणाच्या वडीवर उमटणारे ठसे. ठसा उलटा कोरावा लागतो, त्यामुळे उलटी अक्षरं ते सुलट अक्षरांपेक्षा लवकर वाचत. एकदा अत्तराच्या डबीवर राणीचा चेहरा हवा म्हणून गाळ्याच्या मालकाने जुन्या पुस्तकातलं एक पान आणून दिलं. ठसा तयार होऊन गेला, पान मात्र काकांकडेच राहिलं. "त्या बाईच्या गालावर रंग नव्हता की सावली नव्हती. नुसत्या रेघा. रेघ जाड-बारीक करून गाल केला होता. मी त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत आणला," ते सांगत. मग रद्दीतून, फुटपाथवरून अशी पानं जमत गेली. उमराव, राजकन्या, दरबारी चित्रकार, सगळे एका पत्र्याच्या पेटीत.

काकूंना या मंडळींचा राग होता. "एवढे राजे-रजवाडे घरात," त्या म्हणायच्या, "अन् एक तरी मेला नळावर जाईल का?" काका हसत. त्यांना स्वतःलाही राजांचं फार कौतुक नव्हतंच. "हा साहेब दोन तास बसला असेल खुर्चीत. कोरणारा दोन वर्षं बसला."

त्यांच्या पेटीत एका दरबारी चित्रकाराचं चित्र होतं. मखमली अंगरखा, गळ्यात राजाने दिलेली साखळी. मी तेव्हा कॉलेजात होते. मला वाटलं, काकांना त्याचा अभिमान वाटत असेल, शेवटी कारागीरच तो. त्यांनी मान हलवली. "हा चितारी राजाजवळ जाऊन बसला. कोरणाऱ्याला कोण बसवतो? त्याला जागा पायाशी." मग भिंग पुसत म्हणाले, "पण पायाशी का होईना, नाव आहे. आपलं कुठंय, पोरी?" खरंच, त्यांनी कोरलेल्या हजारो पाट्यांवर आणि पदकांवर त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

हे सगळं ऐकून, समजूनही माझ्या हातून ती चूक झाली. पहिली नोकरी लागली तेव्हा त्यांना काहीतरी द्यावं म्हणून मी एका वृद्ध सरदाराचं असंच चित्र शोधून आणलं आणि परस्पर घाटकोपरला फ्रेम करायला टाकलं. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, खालची पट्टी कापू का? तयार फ्रेममध्ये नीट बसेल. नुसती अक्षरंच आहेत." मी घाईत होते. मी म्हणाले, "कापा."

काकांनी वर गुंडाळलेला कागद सोडवून फ्रेम हातात घेतली आणि सवयीने खाली बघितलं. मग एवढंच विचारलं, "नाव काय होतं?"

मी ते वाचलंच नव्हतं.

मी तशीच दुकानात परत गेले. कचरा सकाळीच गेला होता. परत आले तेव्हा काकांनी चित्र भिंतीवर लावलेलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सरदाराचं नाव गेलं तर कपड्यांवरून, पदकांवरून कुणीतरी ओळखेल. कोरणाऱ्याचं कशावरून ओळखणार?"

पुढची कितीतरी वर्षं मी ते नाव शोधत होते. अंधेरीच्या ग्रंथालयात काम करता करता जुनी पुस्तकं चाळली, परदेशातल्या संग्रहालयांना फोटो पाठवले. एका ठिकाणाहून सौजन्याचं उत्तर आलं: कृपया चित्राचा खालचा भाग पाठवावा. काका दर भेटीत विचारत, "लागला का पत्ता?" आणि मी मान खाली घालत असे. गाळ्यात कोरणारं यंत्र आलं, काकांचं काम सुटलं. मग काचबिंदूने त्यांची नजर गेली. आता मान खाली घालून भागेना. तोंडाने "नाही" म्हणावं लागे.

एका रविवारी माझ्याने ते म्हणवेना. मी म्हणाले, "काका, सापडलं," आणि परदेशी वाटेल असं एक नाव सांगितलं.

त्यांनी ते तीनदा उच्चारून पाहिलं. चेहरा उजळला होता. "फ्रेम उघड," ते म्हणाले. "मागं पेन्सिलीनं लिही." मी फ्रेम उघडली, पेन्सिल हातात घेतली, आणि मला लिहिता येईना.

"काका, नाव सापडलेलं नाही. मी ते बनवलं."

ते भिंतीकडे तोंड करून बसले. आतून काकूंनी विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. चहा टाक." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "त्याची मेहनत दुसऱ्या कुणाच्या नावावर चढवू नको, पोरी. त्यापेक्षा कोरं राहू दे." खिशातून भिंग काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "हे लाव. गालावरची रेघ कुठून निघते? बारीक टोक कुठल्या बाजूला आहे?"

मी इतकी वर्षं नुसतं नाव शोधलं होतं, चित्र बघितलं नव्हतं. मी एकेक रेघ सांगत गेले. ते डोळे मिटून बोटाने हवेत ती ओढून बघत, मध्येच हात थांबवून म्हणत, "छापात उलटं झालंय, हे धरून सांग." झालरीपाशी रेघा दाटीने येतात, कानामागे जरा विस्कटतात, असं मी सांगितलं. "कानामागं दमला होता," ते म्हणाले. चहा निवून गेला. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले. "डावखुरा असेल. नाहीतर पत्रा उलटा धरायची खोड असेल. पण माझं मन म्हणतं, डावखुराच."

त्या हिवाळ्यात काका गेले. त्यांना श्रद्धांजली वाहायला ठेवलेल्या पुण्यानुमोदनाची पत्रिका द्यायला त्यांचा मुलगा वर आला. 'कालकथित' या शब्दापुढे त्यांचं पूर्ण नाव छापलेलं होतं. मला आडनाव तेवढं माहीत होतं. बाकीचं नाव मी पहिल्यांदाच वाचत होते. एका परक्या माणसाच्या नावासाठी मी देशोदेशी पत्रं पाठवली होती. खालच्या मजल्यावरच्या माणसाला मी ते कधी विचारलंच नव्हतं.

ते चित्र काकूंनी मला देऊन टाकलं. त्याच्या मागे मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: कोरणाऱ्याचं नाव माहीत नाही. डावखुरा असावा. ज्यांनी रेघांवरून ओळखलं ते – किसन मारुती ढवळे, ठसे कोरणारे, साकीनाका.